शिफारस मंजुरीची, कौल नकाराचा

८ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी अमेरिकेतल्या सिएटलमधून बातमी आली की, बोइंग कंपनी आणि तिथल्या कामगारांची युनियन यांच्यात करार ठरला. चार वर्षांत २५ टक्के पगारवाढ, करार मंजूर होताच ३,००० डॉलर रोख आणि कंपनीचं पुढचं नवं विमान याच परिसरात बांधण्याचं वचन. युनियनचे अध्यक्ष जॉन होल्डन यांनी, आपल्या इतिहासात इतका चांगला करार आजवर झाला नव्हता, असं सांगून सभासदांना तो मंजूर करण्याची शिफारस केली. चार दिवसांनी मतदान झालं. ९४.६ टक्के मतं करार फेटाळणारी निघाली. संपाच्या बाजूने ९६ टक्के. त्याच रात्री बारा वाजून गेल्यावर सुमारे ३३,००० कामगार संपावर गेले आणि ७३७, ७६७ व ७७७ या विमानांची बांधणी थांबली.

आपल्याकडे पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूज या पट्ट्यांत वेतनकरार झाला की गेटवर गुलाल उधळला जातो, कमिटीच्या गळ्यात हार पडतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात हसऱ्या चेहऱ्यांचा फोटो येतो. पंचवीस टक्के वाढ आणणाऱ्या कमिटीला शंभरातले पंच्याण्णव जण 'नको' म्हणतील, हे आपल्याला पचायला जड जातं. मग दोन सोपी उत्तरं पुढे येतात. कामगारांना हाव सुटली, हे एक. कुणीतरी त्यांना भडकवलं, हे दुसरं. पण हाव असती तर याच माणसांनी त्याच्या दहा वर्षं आधी वर्षाआड एक टक्का वाढीचा करार मंजूर केला नसता. आणि भडकवणारा म्हणावं तर, नेता स्वतः मंजुरीसाठी विनवत होता.

खरं उत्तर जुन्या दप्तरात सापडतं. कामगारांच्या मोठ्या नकारामागे बहुधा एक जुना, नाइलाजाने दिलेला होकार असतो. बोइंगमध्ये तो २०१४ सालचा होता.

सहाशे मतांचा होकार

बोइंगच्या या युनियनचं नाव लांबलचक आहे. कामगार तिला नुसतं 'मशीनिस्ट्स' म्हणतात. सिएटल परिसरातल्या तिच्या शाखेचा क्रमांक ७५१. संपाचा इतिहास जुना. १९९५ मध्ये तर संप चालू असतानाच नेत्यांनी शिफारस केलेला करार सभासदांनी फेटाळला होता आणि संप ६९ दिवस चालला होता. २००५ मध्ये चार आठवडे आणि २००८ मध्ये सुमारे आठ आठवडे काम बंद राहिलं. त्यानंतर कंपनीने वेगळा मार्ग धरला. २००९ मध्ये ७८७ या नव्या विमानाची दुसरी बांधणी शाखा तिने देशाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन भागात उभारायचं ठरवलं. तिथे युनियनचं बळ नगण्य. आता सिएटलच्या कामगाराला मालकाची धमकी कानाने ऐकावी लागत नव्हती, ती नकाशावर दिसत होती.

२०१३ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने प्रस्ताव ठेवला. ७७७एक्स हे नवं विमान इथेच बांधू, पण करार आठ वर्षांनी वाढवा, पेन्शन गोठवा आणि आरोग्यविम्याचा जास्त भार स्वतः उचला. राज्य सरकारनेही कंपनीसाठी २०४० पर्यंत सुमारे ८.७ अब्ज डॉलरच्या करसवलती मंजूर केल्या होत्या. १३ नोव्हेंबरला ६७ टक्के सभासदांनी प्रस्ताव फेटाळला. कंपनीने लगेच इतर राज्यांकडून देकार मागवले. वीसहून अधिक राज्यं जमीन आणि सवलती घेऊन रांगेत उभी राहिली. थोडी डागडुजी करून तोच प्रस्ताव पुन्हा आला. शाखेचं स्थानिक नेतृत्व त्याच्या विरोधात होतं. पण राष्ट्रीय अध्यक्ष टॉम बफनबार्गर यांनी मतदान घ्यायचा हुकूम सोडला. तारीख ठरली ३ जानेवारी २०१४, नाताळच्या सुट्ट्या अजून सरल्या नव्हत्या. कित्येक सभासद गावाला गेलेले. निकाल लागला ५१ विरुद्ध ४९ टक्के. फरक सुमारे ६०० मतांचा.

त्या दिवशीचा कामगार काय तोलत होता? एका बाजूला म्हातारपणचं पेन्शन, दुसऱ्या बाजूला उद्याची नोकरी. मतपत्रिकेवर प्रश्न कराराचा होता, पण कामगाराने उत्तर दिलं ते 'कारखाना राहील का?' या प्रश्नाचं. भीतीपोटी दिलेला होकार कायद्याने पुरता बंधनकारक असतो. सभासदाच्या मनात मात्र तो उधारी म्हणून राहतो. पुढे पेन्शन गोठलं. महागाई भत्त्याखेरीज मूळ पगारात वर्षाआड एक टक्का भर पडत गेली. सिएटलमध्ये याच काळात मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचा पैसा ओतला गेला आणि घरभाडी गगनाला भिडली. इकडे कंपनीने २०१३ ते २०१९ या काळात स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यावर ४० अब्ज डॉलरहून अधिक उधळले. २०१८ आणि २०१९ मध्ये ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या याच जातीच्या विमानाच्या बाजूचा, दरवाजाच्या जागेवरचा भाग हवेतच निखळला. आपण पोटाला चिमटा घेऊन वाचवलेला पैसा कुठे गेला, हे कामगारांना दिसत होतं.

म्हणून २०२४ च्या सप्टेंबरात मतपेटी उघडली, तेव्हा २५ टक्क्यांकडे कुणी पुढच्या चार वर्षांची वाढ म्हणून पाहिलं नाही. मागच्या दहा वर्षांची थकबाकी म्हणून पाहिलं आणि ती अपुरी ठरवली.

नकाराची मोजमापं

करार वाचताना सभासद किती गोष्टींशी तुलना करतो, हे बोइंगच्या पहिल्या मतदानातून नीट समजतं.

पहिली तुलना मागच्या कराराशी. तिच्याबद्दल सांगून झालं.

दुसरी तुलना नेत्याने वाढवलेल्या अपेक्षेशी. युनियनने वाटाघाटींची सुरुवात ४० टक्क्यांच्या मागणीने केली होती. जुलैमध्ये सिएटलच्या बेसबॉल मैदानावर हजारो कामगारांना जमवून संपाच्या अधिकाराचं मतदान घेतलं गेलं आणि कौल जवळजवळ एकमुखी आला. मैदान भरवून चाळीस मागायचे आणि दोन महिन्यांनी पंचवीसवर शिफारस करायची, यात नेत्याचा हिशेब असतो. चाळीस ही घासाघीस सुरू करण्यापुरती मागणी, असं तो समजतो. सभासद मात्र त्या आकड्यावर विश्वास ठेवून बसलेला असतो.

तिसरी तुलना शेजाऱ्याशी. वर्षभरापूर्वीच, २०२३ च्या शरदात, डेट्रॉइटच्या तीन मोटार कंपन्यांतल्या कामगारांनी संप करून २५ टक्के वाढ मिळवली होती. तिथेही सगळे खूश नव्हते. फोर्ड आणि स्टेलँटिसमध्ये करार आरामात मंजूर झाला. जनरल मोटर्समध्ये जेमतेम ५५ टक्के मतं पडली आणि फ्लिंटसारख्या जुन्या कारखान्यात बहुमत नकाराचं निघालं. हंगामी आणि नव्या कामगारांची वाढ कित्येक पट होती, वीस-पंचवीस वर्षं घासलेल्यांच्या वाट्याला सरसकट टक्केवारी आली होती. वाढ सगळ्यांचीच झाली, तरी माणूस आपली वाढ शेजारच्या मशीनवरच्या माणसाच्या वाढीशी ताडून पाहतो. एकाला न्याय वाटला, तोच दुसऱ्याला डावललं गेल्यासारखा वाटला. एका छापील कराराचे असे अनेक करार होतात.

चौथी गोष्ट म्हणजे काय काढून घेतलं. बोइंगच्या पहिल्या प्रस्तावात २५ टक्क्यांच्या बदल्यात दरवर्षी मिळणारा बोनस बंद होणार होता. कागदावर बेरीज-वजाबाकी करून वाढच उरत होती. पण हातात असलेली वस्तू जाते, तेव्हा नवी मिळाल्याचा आनंद त्या दुःखाला पुरत नाही. पेढीवरच्या माणसाला हे कळत नाही. घर चालवणारीला कळतं. कंपनीला ते उशिरा कळलं. पुढच्या प्रस्तावांत तिने बोनस परत आणला आणि तो किमान ४ टक्के राहील अशी हमीही दिली.

पाचवी गोष्ट सगळ्यांत व्यवहारी. संपाआधीचा पहिला नकार स्वस्त असतो. कमिटीने शिफारस केली याचा अर्थ इतकं तर हातात आलंच, असं सभासद धरून चालतो. एक 'नाही' म्हणून आणखी थोडं येतं का, हे पाहायला त्याचं त्या दिवशी काही जात नाही. अनुभवी कामगाराच्या लेखी पहिला नकार हा वाटाघाटीचाच पुढचा डाव असतो.

दुसरा नकार, तिसरा होकार

खरी परीक्षा दुसऱ्या मतापासून सुरू होते, कारण तोवर चूल थंडावू लागलेली असते. बोइंगच्या कामगाराचा सरासरी वार्षिक पगार ७५,६०८ डॉलर होता. म्हणजे आठवड्याला सुमारे १,४५० डॉलर. संपकाळात युनियनच्या निधीतून मिळायचे आठवड्याला २५० डॉलर, तेही तिसऱ्या आठवड्यापासून. सप्टेंबर संपला तसा कंपनीने आरोग्यविमाही बंद केला. अमेरिकेत विमा नसताना घरात एखादं आजारपण निघालं, तर कुटुंब कर्जात बुडतं.

मधल्या काळात कंपनीने एक चूक केली. २३ सप्टेंबरला तिने 'शेवटचा आणि सर्वोत्तम' म्हणून ३० टक्क्यांचा प्रस्ताव युनियनला वळसा घालून थेट माध्यमांत जाहीर केला. युनियनने तो मतदानाला ठेवायलाच नकार दिला. कामगाराचं आपल्या नेत्यांशी कितीही वाकडं असो, मालकाने त्या नेत्यांना बाजूला सारून परस्पर बोललेलं त्याला खपत नाही. दीड आठवड्यापूर्वी होल्डनना धुडकावणारे सभासद आता त्यांच्यामागे उभे राहिले.

२३ ऑक्टोबरला दुसरं मतदान झालं. प्रस्ताव ३५ टक्क्यांचा, ७,००० डॉलर रोख. या वेळी नेतृत्वाने उघड शिफारस टाळली. विचार करण्याजोगा प्रस्ताव आहे, एवढंच म्हटलं. त्याच दिवशी कंपनीने तिमाहीत सुमारे ६ अब्ज डॉलर तोटा झाल्याचं जाहीर केलं. सतरा हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा त्याआधीच झाली होती. तरीही ६४ टक्के मतं नकाराची पडली. पंच्याण्णववरून चौसष्टवर उतरलेल्या या आकड्यात संपाचे सहा आठवडे दिसतात. पहिल्या खेपेला नकार देणाऱ्या दर तीन जणांमागे एक जण आता होकाराकडे वळला होता. उरलेल्यांपैकी अनेकांची पेन्शन परत आणण्याची आस सुटली नव्हती.

३१ ऑक्टोबरला तिसरा प्रस्ताव आला. ३८ टक्के, चार वर्षांची चक्रवाढ धरली तर साडेत्रेचाळीस टक्क्यांहून थोडी जास्त. रोख १२,००० डॉलर. पेन्शन नाहीच, त्याऐवजी निवृत्तिखात्यात कंपनीचा वाढीव वाटा. या वेळी होल्डन स्पष्ट बोलले. वाटाघाटींतून आणि संपातून मिळण्यासारखं होतं ते मिळालं, पुढचा प्रस्ताव याहून कमी असू शकतो, असा त्यांचा सांगावा होता. ४ नोव्हेंबरला ५९ टक्क्यांनी करार मंजूर झाला. ५३ दिवसांचा संप संपला. कराराच्या अखेरीस सरासरी पगार १,१९,३०९ डॉलरवर जाईल, असं कंपनीने सांगितलं.

तीन मतदानं एकापुढे एक ठेवली की एक गोष्ट उघड होते. नकार मागच्या दहा वर्षांकडे बघून दिला गेला आणि होकार पुढच्या महिन्याकडे बघून. 'किती मिळायला हवं होतं' हा नकाराचा प्रश्न असतो. 'आता थांबलो नाही तर काय होईल' हा होकाराचा. त्या सात आठवड्यांत कामगारांचं न्यायाबद्दलचं मत बदललं नव्हतं. तोलायच्या गोष्टी बदलल्या होत्या.

हिरव्या ट्रॅक्टरची गोष्ट

हेच गणित त्याच्या तीन वर्षं आधी जॉन डिअरमध्ये घडलं होतं. हे नाव मराठी शेतकऱ्याच्या ओळखीचं. पुण्याजवळ सणसवाडीला कंपनीचा कारखाना आहे आणि तिचे हिरवे ट्रॅक्टर ऊसपट्ट्यात गावोगाव फिरतात. तिच्या अमेरिकेतल्या आयोवा, इलिनॉय, कॅन्सस या राज्यांतल्या सुमारे १०,००० कामगारांनी २०२१ मध्ये तीनदा मतदान केलं. १० ऑक्टोबरला ९० टक्के नकार. १४ तारखेपासून संप. २ नोव्हेंबरला पुन्हा नकार, या वेळी ५५ टक्के. १७ नोव्हेंबरला ६१ टक्के होकार. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रस्तावांत तत्काळ १० टक्के वाढ आणि ८,५०० डॉलर रोख सारखेच होते. बदल झाला तो उत्पादन-प्रोत्साहन भत्त्याच्या किरकोळ कलमांत. पंधरवड्यात कामगारांना करार एकाएकी आवडू लागला, असं कुणी म्हणणार नाही. कंपनी याहून पुढे सरकणार नाही, याची खात्री मात्र त्यांना पटली होती.

इथेही मुळाशी जुना होकार होता. १९९७ च्या करारात जुन्या कामगारांचे हक्क शाबूत ठेवून, पुढे लागणाऱ्यांना कमी पगार आणि कमी पेन्शन अशी दोन पातळ्यांची व्यवस्था मान्य झाली होती. मत देणाऱ्यांचं त्यात काही जात नव्हतं. ज्यांचं जाणार होतं, ते तेव्हा शाळेत होते. २०२१ पर्यंत १९९७ नंतर लागलेलेच कारखान्यात बहुसंख्य झाले होते. आणि कंपनीच्या पहिल्या प्रस्तावात होती तिसरी पातळी: आता लागणाऱ्यांना ते पेन्शनही नाही. खालच्या पायरीवर उभं राहणं काय असतं, हे भोगलेल्या माणसांनी आपल्याखाली आणखी एक पायरी खणायला नकार दिला. त्या आर्थिक वर्षात कंपनीचा नफा ५.९६ अब्ज डॉलर होता, तोवरचा विक्रमी. दुसऱ्या प्रस्तावापासून तिसरी पातळी गायब झाली.

नेत्यांवरच्या अविश्वासाचाही यात वाटा होता. हे कामगार ज्या मोटार कामगार युनियनचे सभासद, तिचे दोन माजी अध्यक्ष गॅरी जोन्स आणि डेनिस विल्यम्स यांना निधीच्या अफरातफरीवरून त्याच वर्षी तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या होत्या. कमिटीची शिफारस वाचताना सभासद आधी ती करणाऱ्याचा चेहरा आठवतो. चेहऱ्यावर विश्वास नसेल, तर चांगल्या कराराकडेही तो संशयाने बघतो.

मत पडतं, पण मोजलं कसं जातं?

मतदान झालं म्हणजे बहुमताचंच चाललं, असंही नाही. मशीनिस्ट्स युनियनमध्ये करार फेटाळायला साधं बहुमत पुरतं, पण संपाला दोन-तृतीयांश लागतं. तेवढं मिळालं नाही, तर फेटाळलेला करारच लागू होतो. २००२ मध्ये बोइंगमध्ये नेमकं हेच झालं. बहुमत नकाराचं होतं, संपाला हवी तेवढी मतं नव्हती. नको असलेला करार अंगावर आला.

त्याहून बोलकं उदाहरण २०१८ चं. घरोघरी पार्सल पोहोचवणाऱ्या यूपीएसमधल्या टीमस्टर्स युनियनच्या सभासदांपैकी मत देणाऱ्यांत ५४ टक्क्यांनी करार फेटाळला. त्यात गाडी चालवणाऱ्यांचीच दुसरी, स्वस्त श्रेणी निर्माण होत होती. पण मतदान निम्म्याहून कमी झालं होतं आणि युनियनच्या घटनेत अशा वेळी नकाराला दोन-तृतीयांशाची अट होती. नेतृत्वाने त्या कलमावर बोट ठेवून करार मंजूर झाल्याचं जाहीर केलं. कलम खरं होतं, पण सभासद ते विसरले नाहीत. २०२१ च्या अधिवेशनात ते कलम रद्द झालं. त्याच वर्षीच्या निवडणुकीत जुन्या नेतृत्वाचा गट हरला आणि शॉन ओब्रायन अध्यक्षपदी निवडून आले. २०२३ च्या करारात ती स्वस्त श्रेणी गेली, अर्धवेळ कामगारांचे दर वाढले आणि युनियनच्या यूपीएसमधल्या सुमारे ३,४०,००० सभासदांसाठीचा हा करार ८६.३ टक्के मतांनी मंजूर झाला. लादलेल्या कराराची फेड नेतृत्वाने खुर्चीने केली.

कधी मत मोजलं जातं, पण सरकार ते पुसून टाकतं. २०२२ मध्ये अमेरिकी मालवाहू रेल्वेतल्या बारा युनियनांसमोर पाच वर्षांसाठी २४ टक्के वाढीचा करार होता. आठ युनियनांनी मंजूर केला, चारांनी फेटाळला. गाड्यांवर काम करणाऱ्यांच्या मोठ्या युनियनमध्ये नकार निम्म्याच्या जेमतेम वर होता. भांडण टक्क्यांचं नव्हतंच. आजारी पडलं तर भरपगारी रजा नाही, कधी कामावर बोलावतील याचा नेम नाही, मुलाच्या डॉक्टरकडे जायचं तर दंडाचे गुण, हे त्यांचं दुखणं होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला संसदेने कायदा करून तोच करार सगळ्यांवर बंधनकारक केला आणि राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी सही केली. रजेची तरतूद सिनेटमध्ये पडली. पगारवाढीने भागेल असं समजून कागद तयार करणाऱ्यांना, माणसं वेळेसाठीही भांडतात, हे उमगलं नव्हतं.

आपल्याकडे पावत्या मोजतात

आता महाराष्ट्राकडे वळू. इथे मुळात करारावर सभासदांचं मत घेण्याची सक्तीच नाही. मुंबईच्या गिरण्यांना लागू असलेल्या १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यात, उद्योगातले २५ टक्के कामगार सभासद असलेली एकच युनियन 'प्रातिनिधिक' ठरायची. मालकांशी बोलण्याचा आणि सही करण्याचा हक्क तिचा एकटीचा. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. १९८१ च्या दिवाळीच्या सुमारास बोनसचा समझोता झाला आणि स्टँडर्ड मिलसारख्या गिरण्यांतले कामगार भडकले. ते कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या दारात गेले, कारण समझोत्याला 'नाही' म्हणायची दुसरी जागाच कायद्याने ठेवली नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणं यांबरोबरच हा कायदा रद्द करा, अशीही त्यांची मागणी होती. मालकांनी सामंतांशी बोलायला नकार दिला. कायदा त्यांच्या बाजूने होता. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही, तो विरून गेला. पुढे १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत, काँग्रेसची देशभर लाट असताना, गिरणगावाने सामंतांना दक्षिण-मध्य मुंबईतून खासदार केलं. बोनसच्या करारावर ज्यांना मत नव्हतं, त्यांनी हाती असलेलं एकमेव मत वापरलं. तोवर गिरण्यांचे भोंगे थंडावत चालले होते.

इतर कारखान्यांसाठी १९७१ चा मान्यताप्राप्त युनियनांचा कायदा आला. त्यात मान्यतेला ३० टक्के सभासदत्व लागतं आणि तेही वर्गणीच्या नोंदींवरून तपासलं जातं. याच कायद्यात एक गंमत आहे. मान्यताप्राप्त युनियनने संपाची नोटीस देण्याआधी सभासदांच्या बहुमताचा कौल घेतला नाही, तर संप बेकायदा ठरतो. करारावर सही करण्याआधी मात्र असा कौल घ्यायचं बंधन नाही. लढायचं असेल तर सगळ्यांना विचारा, तडजोड करायची असेल तर विचारायची गरज नाही, असा त्याचा अर्थ होतो. केंद्राच्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के सभासद असलेल्या संघटनेला वाटाघाटींचा एकहाती हक्क दिला आहे. करार मतदानाला ठेवण्याची सक्ती त्यातही नाही. रेल्वेत युनियनची मान्यता गुप्त मतदानाने ठरते, डिसेंबर २०२४ मध्ये तसं मतदान झालंही. पण ते युनियन निवडण्यापुरतं. तिने केलेल्या कराराला त्यात जागा नाही.

प्रथा म्हणून आपल्याकडे गेट मीटिंग असते. अध्यक्ष उभे राहतात, एकूण वाढीचा आकडा सांगतात, फरक किती मिळणार ते सांगतात, 'मंजूर?' म्हणून विचारतात आणि हात वर जातात. हात वर करणाऱ्याला डावी-उजवीकडचे सहकारी बघतात, कमिटी बघते आणि कधी गेटच्या आतून एचआरचा माणूसही बघतो. वाढीच्या बदल्यात उत्पादन किती टक्के वाढवून द्यायचं कबूल केलं, कराराची मुदत तीनऐवजी चार वर्षं का झाली, हे पहिल्या वाढीव पगाराच्या वेळी कळतं. शेजारच्या लाइनवर तेच काम करणारा कंत्राटी कामगार किंवा ट्रेनी तर त्या सभेत नसतोच. जॉन डिअरने १९९७ मध्ये जी दुसरी पातळी करारात लिहून घेतली, ती आपण करारात न लिहिता उभी केली आहे.

यावर मालकांचं आणि काही नेत्यांचंही म्हणणं असं की, प्रत्येक कागद मतदानाला टाकला तर करार व्हायचेच नाहीत. वाटाघाट हे जाणत्यांचं काम आहे. बोइंगचा अनुभव उलट सांगतो. होल्डन यांना आपल्याच माणसांच्या मनाची खोली ९४.६ हा आकडा आल्यावर कळली. त्या आकड्याच्या जोरावर त्यांनी पंचवीसचे अडतीस करून आणले. नुसत्या वक्तृत्वावर ते झालं नसतं. सभासदांचा नकार हे नेत्याच्या हातातलं सगळ्यांत खणखणीत नाणं असतं. आणि त्यांचा होकार हा मालकाला मिळणारा सगळ्यांत टिकाऊ कागद, कारण त्यावर कामगारांनी स्वतः शिक्का मारलेला असतो. मतदान म्हणजे हमी नव्हे, हे बोइंगच्या जानेवारी २०१४ मधल्या मतदानाने दाखवलंच आहे: तारीख, भीती आणि प्रश्न ज्याच्या हाती, त्याच्याकडे निम्मा निकाल असतो. म्हणूनच मतदानाबरोबर वेळ आणि माहितीही द्यावी लागते.

आणि यासाठी नव्या कायद्याची वाट बघायचं कारण नाही. करार सभासदांच्या मतासाठी ठेवाच, अशी सक्ती अमेरिकेच्या कायद्यातही नाही. तिथल्या युनियनांनी ती आपापल्या घटनेत स्वतःवर घालून घेतली आहे. आपल्या युनियनांनाही ते करता येईल. कराराचा पूर्ण मसुदा, उत्पादनाच्या कलमांसह, मराठीत छापून सभासदांच्या हाती किमान आठवडाभर आधी द्यावा. मतदान गुप्त असावं आणि ते सुट्टीच्या दिवसांत घेऊ नये. होकार किती आणि नकार किती, हे दोन्ही आकडे नोटीस बोर्डावर लावावेत. ज्यांच्या कामाच्या अटी या करारामुळे बदलतात, त्या कंत्राटी कामगारांनाही निदान तो वाचायला मिळावा. वाचकांपैकी जे कुठल्याही युनियनचे सभासद आहेत, मग ती कारखान्यातली असो, बँकेतली, एसटीतली किंवा महापालिकेतली, त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत एवढा एक ठराव मांडावा.